शकुंतलाबाईंच्या वर्गाला कुलूप

अन्याय शकुंतलाबाई वानखडे यांच्यावर झाला. या मंगळवारी, दुपारी चार वाजता, अकोल्यातल्या आमच्या कॉलनीच्या समितीने समाजमंदिराच्या मागच्या खोलीला कुलूप ठोकलं. बाई दारात उभ्या राहिल्या, हातात लाकडी फूटपट्टी. त्या पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायला फूटपट्टी घेऊन येतात. वाचून धक्का बसला असेल तर बसू द्या, मलाही पहिल्या दिवशी बसला होता.

ती पट्टी त्या स्क्रीनला लावतात. बाईंनी उभं आयुष्य टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. ती बंद पडली, मशीनं भंगारात गेली आणि साठीनंतर बाई पायथनकडे वळल्या. कारण त्यांच्या मते समासाची कदर करणारी जगात ही एकच भाषा उरली आहे. पायथनमध्ये एखाद्या आज्ञेच्या पोटातल्या ओळी सारख्या अंतराने आत सरकवाव्या लागतात. एक चार जागा आत आणि दुसरी तीन, असं झालं की प्रोग्राम अडून बसतो. बाई पट्टी धरतात, एक डोळा मिटतात आणि विचारतात, "हे ओळ कोनाच्या घरची? घरातली असंल तं आत घे, पाहुनी असंल तं बाहेर बसव."

"ओळ आत घ्यायला टॅबचं बटण दाबू की स्पेसचं?" मी विचारलं होतं.

"स्पेस दाब. अन् मंग शेवटवरी स्पेसच दाब. सकाळी एक अन् संध्याकाळी दुसरंच, हे राजकारनात चालते. इथं चालत नाही."

मी मोर्च्यांची पत्रकं वाटणारी मुलगी. मला हे लागायचं ते बरोबर लागलं.

प्रोग्राममध्ये कशाला 'एक्स' असं नाव दिलं की त्यांचा पारा चढतो. "पोट्ट्याले एक्स नाव ठेवशील का? मेथी मोजून राहिला ना, मंग मेथी मन." हे आमच्या मंगेशला. त्याच्या घरचा पातूर रोडला भाजीचा मळा आहे. सकाळच्या आणि संध्याकाळच्या जुड्यांची बेरीज करणारा प्रोग्राम त्याने लिहिला. वीस टाकले, तीस टाकले. उत्तर आलं, दोन हजार तीस.

"मेथी तं बम पिकली रे तुमची," बाई म्हणाल्या. वर्ग हसून लोळला. मंगेश रडकुंडीला आला, तसा त्यांनी आवाज उतरवला. "हे पाय, कीबोर्डवरून जे येते ते त्याले अक्षरंच वाटतात. वीसले तीस चिकटवलं त्यानं. आकडा हाय असं सांगतलं का तू त्याले? न सांगता समजाले तो का तुयी माय आहे?" मग त्यांनी त्याच्याकडून दोन्ही संख्यांना 'इंट'चं, म्हणजे 'हा आकडा आहे' असं सांगणारं कुंपण घालून घेतलं आणि पन्नास आले.

पण बाईंचा खरा हट्ट वेगळा. लाल अक्षरांत चूक उमटली की स्क्रीनवरची खिडकी बंद करायची नाही. शेवटची ओळ आधी वाचायची, मोठ्याने आणि सगळ्यांनी मिळून. पायथन नेमकं दुखणं शेवटच्या ओळीत सांगतो, वरचं सगळं तो तिथवर कसा पोहोचला त्याचं पुराण असतं. म्हणून रोज दुपारी समाजमंदिरामागे आरतीसारखा सूर लागायचा: "नेम मेथी इज नॉट डिफाइन्ड." म्हणजे, ही मेथी कोण, मला कुणी सांगितलंच नाही.

समितीने कुलपाचं कारण दिलं, आवाज. आवाज! याच समाजमंदिरात हळदीचा डीजे खिडक्या हलवतो तेव्हा समितीचे कान कुठे जातात?

खरं कारण मी सांगते. समितीचे अध्यक्ष स्वतः शिकायला येऊन बसले होते. चूक उमटली आणि त्यांनी झटकन खिडकी बंद केली. बाई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"काहून बंद केलं साहेब?"

"चूक दाखवून राहिला होता तो."

"सांगून राहिला होता. घरात कोनी काही सांगाले लागलं, तं तुमी दार लावून घेता का?"

वर्ग हसला. अध्यक्ष हसले नाहीत. त्यानंतर आवाजाची तक्रार आली आणि मग कुलूप.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं आणि बाईंना दाखवायला त्यांच्या घरी गेले. डोक्यात उपायही तयार होता: वर्ग घरीच भरवायचा. दाराशी पोहोचले तर आतून पुरुषाचा आवाज. बाईंच्या घरी आणखी कुणी असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

"ते... गाडी... नाही. वर... सुतळी..." आवाज अडला. बाई मधे बोलल्या नाहीत. "...पंखा."

बटण खटकलं. पंखा फिरू लागला.

मी दार ढकललं. खाटेवरच्या माणसाने मला पाहिलं, तोंड मिटलं आणि भिंतीकडे वळवलं.

ते वानखडेकाका. बाजार समितीच्या आवारात धान्याच्या ढिगाशी उभं राहून लिलावाचे भाव पुकारायचे. त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे जायचा म्हणतात. लकव्यातून हात वाचला, बोलणं गेलं.

"बाहेरचं मानूस आलं का बंद होतात ते," बाई म्हणाल्या. "तुया दोष नाही."

"मग वर्ग इथे..."

"दिवसभरात एखांदं वाक्य पुरं होते त्याईचं. पोट्टे आले तं तेही जाईन." पदराने त्यांनी काकांची हनुवटी पुसली. "चार ते सहा त्याईचा भाऊ येऊन बसते. तेवढ्यात मी तिकडं मोठ्यानं बोलून घेतो. इथं हळू बोला लागते."

इतका आरडाओरडा करणाऱ्या या बाई घरात कुजबुजतात. माझ्याकडे नेहमी घोषणा असते. त्या दिवशी फक्त पत्रक पुढे केलं.

पत्रक त्यांनी शेवटाकडून वर वाचत नेलं. "बिचाऱ्या शकुंतलाबाई" या शब्दांवर बोट थांबलं. "बिचारी कोनाले मनतं? याईच्या दुखन्याचंही लिही, पन कीव लिहू नको. खोलीचं लिही."

म्हणून खोलीचं लिहिते. तुम्ही अकोल्यात राहता आणि तुमच्याकडे दुपारी चार ते सहा रिकामी पडणारी खोली आहे, दुकानामागची, गच्चीवरची, गोदामातली, कसलीही, तर तिची किल्ली बाईंना द्या. दोन प्लग हवेत. आवाज होणार, हे आत्ताच सांगून ठेवते. खोली नसेल तर समितीच्या दारात माझ्यासोबत उभे राहा आणि मागच्या खोलीची किल्ली मागा. घरी बसून फार वाईट झालं म्हणू नका. या.