नंबर चार गैरहजर

इनास सर रोज संध्याकाळी घरातल्या कॉम्प्युटरांची हजेरी घेत. थट्टा नाही करत मी. चर्चची सातची घंटा झाली, घरची प्रार्थना झाली, की सर पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर ताठ बसत, चष्मा पुसत आणि पडद्यावरच्या काळ्या चौकटीत एक नंबर टाइप करून आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरला हाक मारत. तिकडून चार ओळींचं उत्तर आलं की शाळेच्या खऱ्याखुऱ्या हजेरीपटात, निळ्या शाईने, ‘ह’. नाही आलं की ‘गै’. घरात माणसं किती? दोन. सर आणि त्यांच्या पत्नी, रेजिना मावशी.

हे खूळ त्यांच्या डोक्यात भरवलं मीच. मी वसई स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे आणि पापडीला सरांच्या वाडीला लागून असलेल्या बिल्डिंगमध्ये राहायचे. ब्रॉडबँड नुकतंच आलेलं. बोलता बोलता मी म्हणाले, “सर, घरातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडले तर एकाच प्रिंटरवर सगळ्यांचं छापता येईल.” सगळ्यांचं म्हणजे कोणाचं, हे विचारायचं काही मला तेव्हा सुचलं नाही. सरांनी मात्र लगेच तारीख ठरवली.

सरांनी तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं होतं आणि रिटायर झाल्यावर अख्ख्या पापडीला शिकवायला घेतलं होतं. “शास्त्रीय कारण द्या,” हे त्यांचं पालुपद. दूध पातळ आलं, शास्त्रीय कारण द्या. पालिकेचं पाणी आलं नाही, शास्त्रीय कारण द्या. वर गुणही द्यायचे. “रेजिना, आजच्या कालवणाला दहापैकी सात.”

“उरलेले तीन उद्या उपाशी राहून मिळवा,” मावशी आतून सांगायच्या.

तर पहिल्या रविवारी मी वायरचं भेंडोळं आणि ड्रिल घेऊन गेले. ड्रिल बघताच सर भिंतीला पाठ लावून उभे राहिले. “भोक पाडायचं नाही, बाई. ही भिंत माझ्या बापाने बांधलीय.” भिंत हातभर जाड. मग वायर झरोक्यातून वर, वाशावरून मागच्या पडवीत आणि तिथून मेल्विनच्या खोलीत. मेल्विन हा थोरला मुलगा, कुवेतला नोकरीला; त्याचा कॉम्प्युटर मात्र इथेच. पडवीतल्या खांबांना वायर बांधायला मी प्लास्टिकच्या पट्ट्या काढल्या, तर सर वाडीतून केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळकी साल, घेऊन आले. “पट्टी उन्हाने तडकते. सोपट काचत नाही आणि सोडतही नाही. आमच्या पानवेली काय पट्ट्यांनी बांधतो आम्ही?” शिवाय दर दोन हातांवर चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात: ‘ही वायर मेल्विनकडे जाते. ओढू नये.’

पुढच्या रविवारी गेले तर सगळंच बंद. आदल्या संध्याकाळपर्यंत इंटरनेट छान चालत होतं. आता ते नाही, प्रिंटर नाही, काही नाही. मी दोन तास वायरी काढल्या, घातल्या, घामाघूम झाले. शेवटी कळलं, सरांनी घरातल्या कॉम्प्युटरांना स्वतः नंबर वाटले होते. नेटवर्कमध्ये प्रत्येकाला आपला वेगळा नंबर लागतो. सरांनी तो हजेरीपटाप्रमाणे दिला होता: स्वतः एक, रेजिना दोन, मेल्विन तीन, लोर्ना चार. मावशींकडे कॉम्प्युटरच नव्हता, पण त्यांचा नंबर राखून ठेवलेला. आणि एक नंबर आधीच राउटरचा होता, म्हणजे ज्या डब्यातून इंटरनेट घरात येतं त्याचा. दोघं एकाच नंबरवर बसल्यावर दुसरं काय होणार?

“सर, तुम्हाला एक नंबर सोडावा लागेल.”

“या डब्यासाठी? मी घरातला कर्ता माणूस आहे, बाई.”

“डबा म्हणजे शाळेचं फाटक आहे, सर. हेडमास्तरांनासुद्धा फाटकातूनच आत यावं लागतं ना?”

सरांनी हजेरीपटातलं आपलं नाव खोडलं. “पटलं. पाचपैकी पाच.” आणि स्वतः पाच नंबरवर गेले.

“मला नंबर नको,” मावशी म्हणाल्या, “मोरीतला दिवा गेलाय तो बदला.”

राहता राहिला नंबर चार. लोर्ना, धाकटी मुलगी. तिला पहिली नोकरी लागली तेव्हा सरांनी फंडातले पैसे काढून तिला लॅपटॉप घेऊन दिला होता. दोन वर्षांपूर्वी तिने ऑफिसातल्या डोंबिवलीच्या मुलाशी, निखिलशी, रजिस्टर लग्न केलं. सर म्हणाले, या घरात पाऊल ठेवायचं नाही. ती म्हणाली, बरं. जाताना लॅपटॉप टेबलावर ठेवून गेली. तेव्हापासून बापलेकीत एक शब्द नाही. दोघंही तेवढीच हट्टी, मावशी म्हणायच्या, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. बुधवारी सर बाजारात गेले की मावशी लेकीला फोन करत. “भाजीला अर्धा तास पुरतो. पण बुधवारी हे दोन तास तळ्यावर बसून राहतात,” त्या मला म्हणाल्या होत्या. “यांना वाटतं, मला कळत नाही.”

तर असा तो लॅपटॉप, आणि सरांना तो नेटवर्कमध्ये हवाच होता. वायरलेस. “कारण तो एका जागी राहणारा नाही,” हे त्यांचं स्पष्टीकरण. पण हातभर भिंतीतून वायरलेस पोचतंय कुठलं? माझ्या क्लासचा लॅपटॉप घेऊन मी लोर्नाच्या खोलीत बसले आणि सर राउटर हातात धरून घरभर हिंडले, लांब वायरीसकट. फळीवर नाही, कपाटावर नाही, मीटरच्या पेटीवर नाही. सिग्नल आला तो एकाच जागी. पुढच्या खोलीतल्या वेदीवर, मदर मेरीच्या तसबिरीशेजारी. तिथून लोर्नाच्या खोलीचं दार थेट समोर येत होतं.

आम्ही दोघांनी मावशींकडे बघितलं. मावशींनी तसबिरीकडे बघितलं. मग मेणबत्ती जरा सरकवली आणि राउटरखाली क्रोशाचा रुमाल घातला. “लेकराचं काम आहे, तिला चालेल,” एवढंच म्हणाल्या.

आता फक्त लोर्नाचा लॅपटॉप उघडून नंबर द्यायचा होता. शनिवारची दुपार. मी बटण दाबलं. पासवर्ड.

सरांनी बाह्या सरसावल्या. जन्मतारीख. दहावीचा बैठक नंबर, तो सरांना पाठ. मेलेल्या कुत्र्याचं नाव. लहानपणी ती मिठागरावर पडली होती त्या दिवसाची तारीख. पंचवीसेक प्रयत्न झाले.

“सर, मला येतो असा उपाय एकच,” मी म्हणाले. “सगळं पुसून नव्याने सुरू करायचं.”

“तिचं आत जे काही आहे?”

“ते जाईल.”

“मग नको.”

मीही वैतागले होते. पाच रविवार गेले होते माझे! “का नको, सर? तिने दोन वर्षांत मागितलाय का? शास्त्रीय कारण द्या!”

बोलून गेले आणि मला माझीच लाज वाटली. काहीतरी करायचं म्हणून मी पासवर्डच्या चौकटीशेजारचं प्रश्नचिन्ह दाबलं. विसराळू मालकाला आठवावं म्हणून त्याने स्वतःच लिहून ठेवलेली खूण तिथे दिसते. लोर्नाने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. सरांनी चष्मा वर करून, एकेक अक्षर लावत वाचलं.

“पप्पांना माहीत नाही.”

मला वाटलं, आता भडकतील. सर खुर्चीत बसले. “बरोबर लिहिलंय,” म्हणाले. “तिचं मार्कशीट मला पाठ आहे, बाई. बाकी काय माहीत होतं मला?” त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

मावशी पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. “त्या डबड्याला काय विचारताय? तिला विचारा ना.”

सर उठले, फोनपाशी गेले. “नंबर काय तिचा?” मावशींनी एकेक आकडा सांगितला.

“लोर्ना, मी बोलतोय. तुझ्या कॉम्प्युटरचा पासवर्ड पाहिजे.” पलीकडून तिने काहीतरी विचारलं असावं. मग सर म्हणाले, “नाही, नाही. काही पुसलेलं नाही. तुझं सगळं जागच्या जागी आहे.” आणि थोड्या वेळाने, “हो, नेटवर्क केलंय. तुझा नंबर चार. हो. ठेवलाय.” मग नुसतंच “हं... हं,” आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी खाली ठेवला.

“काय म्हणाली?” मावशी.

“फोनवर सांगत नाही म्हणाली. पासवर्ड असा सांगत नसतात म्हणे. उद्या येऊन टाकते.”

“एकटी?”

“मी म्हटलं, दोघं या.”

मावशींनी वेदीपाशी जाऊन मेणबत्ती लावली. मी माझ्या वायरी आवरायला लागले.

“बाई, उद्या तुम्ही येऊ नका,” सर म्हणाले. “घरचं काम आहे.” मग लगेच त्यांचा चेहरा पडला. “रेजिना, तो निखिल मासे खातो का गं? विचारायचंच राहिलं.”

“मला काय ठाऊक? मी तरी कुठे विचारलंय!”

सर परत फोनकडे वळले. या वेळी त्यांनी नंबर विचारला नाही.