चढावरचा नमस्कार

सत्यवान परबांनी चिव्याच्या घाटीत आपल्या होणाऱ्या व्याह्यांना जीपमधून नमस्कार केला आणि न थांबता ते पुढे निघून गेले. सगळ्या रामायणाची सुरुवात झाली ती इथून.

आमच्याकडे ओळखीचं माणूस रस्त्यात दिसलं की गाडी थांबवून "खंय चललास?" असं विचारायचं असतं. उत्तराशी कुणाला काही देणंघेणं नसतं. पण विचारलं नाही, तर ते माणूस आठवडाभर आपलं काय चुकलं याचा विचार करतं आणि दुसऱ्या आठवड्यात चूक समोरच्याचीच होती असं ठरवतं. परशुराम धुरींना इतका वेळ लागला नाही. त्यांच्या हातात बाजाराची पिशवी होती, डोक्यावर ऊन होतं, अर्ध्या घाटीतल्या फणसाखाली उभं राहून त्यांनी चांगला हात वर केला होता. आणि ज्याची मुलगी आपल्या घरात यायची, तो माणूस जीप रोरावत नेताना नुसता नमस्कार करून गेला होता.

संध्याकाळी धुरींच्या जानकीबाईंचा परबांच्या सुगंधाला फोन आला. सूर गोड होता, पण निरोप कडू होता. रस्त्यात न थांबणारा माणूस उद्या अडीअडचणीला काय थांबणार, असं हे म्हणतायत. देवाने उजवा कौल दिला होता खरा, पण येत्या सोमवारी हे पुन्हा देवळात जाऊन कौल लावणार म्हणतायत.

कौलाचं नाव निघाल्यावर सुगंधाचं धाबं दणाणलं. देवाच्या मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडे पडली की होकार आणि डावीकडे पडली की नकार. मुलीच्या, अपेक्षाच्या वेळी ती कशी झटकन उजवीकडे पडली होती. आता रागावलेल्या माणसाने पुन्हा लावल्यावर ती कुठे पडेल, याची खात्री कोण देणार?

"व्याह्यांका बघून तुमी गाडी थांबवक नाय?" तिने नवऱ्याला विचारलं.

"बिरेक सैल होतो," सत्यवान म्हणाले.

सुगंधाने ते फोनवरून कळवलं. पलीकडून लगेच उत्तर आलं, की ब्रेक सैल असताना माणूस दोन्ही हातांनी चाक धरतो, हात जोडत नाही. त्या रात्री अपेक्षा ताटावरून अर्धवट उठली. तिला धुरींचा ओमकार मनापासून आवडला होता, आणि हे तिने सांगितलं नसलं तरी घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

"बाबा, तुमका ओमकार पसंत नाय काय?" हात धुता धुता तिने विचारलं.

सत्यवानांना भडभडून आलं. ओमकार त्यांना इतका पसंत होता, की ते त्याला पाठीवर बसवून घाटी चढले असते. फक्त जीपमध्ये बसवून चढवता आलं नसतं.

खरी गोष्ट अशी, की सत्यवान परबांना चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवता येत नव्हती. मुंबईत त्यांची सगळी नोकरी एका औषधाच्या कंपनीच्या गोदामात गेली. निवृत्त होऊन गावी आल्यावर काजूच्या बागेसाठी म्हणून त्यांनी जुनी जीप घेतली. "तुमका चलवूक येता?" असं बायकोने तेव्हाच विचारलं होतं. त्यावर "मुंबयत काय मी बैलगाडयेन फिरी होतंय?" असं ते सगळ्या वाडीसमोर म्हणून गेले. मग ते गुपचूप कणकवलीला जाऊन शिकले. शिकवणाऱ्याचं मैदान सपाट होतं आणि परीक्षाही सपाटीवरच झाली. लायसनवर तसं लिहिलेलं नसलं, तरी ते फक्त सपाटीचं होतं.

चढावर क्लच अर्धा सोडायचा, इंजिन धरलं की ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलरेटरवर न्यायचा, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण पाय उचलला की जीप मागे निघायची. हँडब्रेक होता, पण तो नुसता शोभेचा. पहिल्याच प्रयत्नात मागे येऊन त्यांनी शेजाऱ्याचा चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, आडवा केला होता. तेव्हापासून त्यांनी आपली एक पद्धत बसवली. घाटीच्या पायथ्यापासूनच हॉर्न वाजवायचा, जीप जोरात काढायची आणि वर सड्यावर सपाटी येईपर्यंत बापजाद्यांपैकी कोणी समोर उभं राहिलं तरी थांबायचं नाही. मुंबईचा माज आहे, असं लोक म्हणू लागले. माज म्हटलेला त्यांना परवडत होता.

शेवटी तडजोड काढली ती जानकीबाईंनी. रविवारी बाजार करून हे फणसाखाली उभे राहतील. त्याच जीपने यावं, त्याच जागी थांबावं, मानाने बसवून घरी आणावं. मग कौलाची गरज उरणार नाही. ऐकून सुगंधाने देवाला साखर ठेवली. रिक्षाने जाऊ या, असं सत्यवानांनी सुचवून पाहिलं. पण "त्याच जीपने" या शब्दांवर धुरी अडून होते, आणि दुसऱ्याच्या गाडीत बसवून मान राखला जात नाही, हे सुगंधालाही पटत होतं.

रविवारी ओटीचं सामान घेऊन सुगंधा पुढच्या सीटवर बसली. फणसाखाली परशुराम धुरी इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. आज त्यांनी हात केला नाही. आज थांबण्याची जबाबदारी पूर्णपणे समोरच्याची होती. सत्यवानांनी वेग कमी केला, इंजिन धडधडलं, जीप आचके देऊ लागली, आणि डोळ्यांसमोर तो आडवा झालेला गडगा उभा राहिला. त्यांचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर गेला. "इलंय, इलंय" असं ओरडत ते व्याह्यांच्या समोरून दुसऱ्यांदा निघून गेले.

सुगंधाचा चेहरा पांढराफटक पडला. पण सत्यवानांना वर पोचता पोचता एक युक्ती सुचली होती. उतारावर थांबायला काय हरकत आहे? थांबलेली गाडी उताराकडेच जाते, आणि जायचंही तिकडेच असतं. त्यांनी सड्यावर जीप वळवली, हळूहळू खाली उतरले आणि फणसाजवळ झोकात थांबले.

"बसा, व्याह्यानू," ते म्हणाले.

परशुरामांनी जीपच्या तोंडाकडे पाहिलं. "माका वर जावचा आसा. तुमी माका खाली कित्याक व्हरतास?"

"खाली जावया आनी परत वर येवया."

"अर्धी घाटी चढान इलंय मी," परशुराम एकेक शब्द तोलत म्हणाले. "ती उतरू, आनी परत चढू?"

घरी जायला निघालेल्या माणसाला उलट दिशेने नेण्यात कसला मान आहे, हे सत्यवानांना समजावून सांगता येईना. परशुरामांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, तोंड फिरवलं आणि सोमवारच्या कौलाला जाताना कोणती फुलं न्यावीत याचाच विचार करत असल्यासारखे झाडाकडे बघत राहिले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी परबांची गत झाली.

पायथ्याला सत्यवानांनी जीप उभी केली आणि चाकावर डोकं ठेवलं.

"आता खरा काय ता सांगा," सुगंधा म्हणाली.

त्यांनी सांगितलं. गोदाम, कणकवली, सपाट मैदान, सगळं. "थांबवलंय काय ती मागे जाता," ते म्हणाले, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोसमोर इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

सुगंधाने ओटीची पिशवी मांडीवर सरळ केली. मग म्हणाली, "ह्या सांगूक चेडवाचा लगीन मोडासर रवलास?"

सत्यवान चाकावरची धूळ बोटाने पुसत राहिले.

"मगे थांबवू नकात," ती म्हणाली. "माणूस चलता चलता बसात, इतकी हळू न्हेवा."

हळू नेली तर जीप बंद पडते, असं ते सांगणार होते. पण त्यांची नजर गिअरच्या बाजूच्या दुसऱ्या, आखूड दांड्याकडे गेली. त्यावर ते नेहमी आपली टोपी अडकवत. जीप विकणाऱ्याने सांगितलं होतं, की हा दांडा चारही चाकांना जोर देण्याचा. गाडी उभी करायची, क्लच दाबायचा आणि तो पार शेवटपर्यंत ओढायचा. मग पहिल्या गिअरमध्ये गाडी मुंगीच्या पावलाने चालेल, पण भिंत चढायला सांगितली तरी बंद पडायची नाही. मुंगीच्या पावलाने जाणारी गाडी कुणाला हवी, म्हणून सत्यवानांनी त्या दांड्याला टोपीपलीकडे किंमत दिली नव्हती.

त्यांनी टोपी काढून डोक्यावर घातली, क्लच दाबला आणि दांडा ओढला. खालून खडाड् असा आवाज आला. पहिला गिअर टाकून त्यांनी क्लच सोडला. इंजिनाने आकांत मांडला, सगळ्या घाटीत घरघर घुमली, आणि जीप इतकी सावकाश निघाली की देवाची पालखी तिच्यापुढे धावली असती. सत्यवानांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. तरी ती चढतच होती. त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

परशुरामांनी आवाज ऐकला आणि ठरल्याप्रमाणे तोंड फिरवलं. पण न थांबणाऱ्या गाडीकडे पाठ करणं सोपं असतं. जी गाडी येता येता पोचतच नाही, तिच्याकडे किती वेळ पाठ करून उभं राहणार? त्यांची मान अवघडली. त्यांनी एकदा वळून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, मग सरळ जीपकडे तोंड करूनच उभे राहिले.

फणस जवळ येताच सुगंधा ओटीची पिशवी घेऊन चालत्या जीपमधून आरामात खाली उतरली. "व्याह्यानू, तुमी बसा. मी चलत येतंय," असं म्हणून ती पुढे निघून गेली.

"आदी थांबवा," परशुराम म्हणाले.

"थांबवक जमाचा नाय. तुमी तशेच चढा."

परशुराम चढले नाहीत, पण बोलायचं बाकी असल्यामुळे जीपबरोबर चालू लागले. एका हातात पिशवी आणि दुसरा हात दरवाजावर. "थांबलास तर तुमचा काय जाता?" त्यांनी विचारलं.

"गाडी जाता. मागे."

परशुराम चालत राहिले. सत्यवानांनी रस्त्यावरून नजर न काढता सगळं सांगून टाकलं. "तुमचो अपमान करूचो नव्हतो, धुरीनू. मुंबयत मी कधी गाडी चलवकच नाय. त्या दिवशी तुमी हात केल्यात तेवा माझे पाय लटपटी होते. तो नमस्कारसुदा तुमका नव्हतो. घाटी पार होवदे म्हणान देवाक होतो."

आता हा माणूस मागे फिरणार आणि थेट देवळात जाणार, याची सत्यवानांनी मनोमन तयारी केली. अपेक्षाला काय सांगायचं, याचे शब्दही ते जुळवू लागले. तेवढ्यात दरवाजा उघडला. परशुराम पिशवी सांभाळत आत आले, बसले आणि त्यांनी पिशवी मांडीवर ठेवली.

"माझी पण जाता," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"गाडी. मागे." त्यांनी पुढे चालणाऱ्या सुगंधाकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "गणेश चवथीक ओमकारान नवी गाडी घेवन दिल्यान. मी शिकलंय, पण ह्या घाटयेत माझो धीर होणा नाय. गाडी खाली गिरणीत लावतंय आनी चलत येतंय. घरात सांगलंय, डॉक्टरान चलाक सांगला म्हणान. अर्ध्यार दम लागता. म्हणान फणसाखाली हात करून रवतंय."

सत्यवानांनी पहिल्यांदाच रस्त्यावरून नजर काढून व्याह्यांकडे पाहिलं. दोघांनाही हसू आवरेना. जीप चढत होती. मग परशुरामांनी त्या दांड्याची बारकाईने चौकशी केली. सत्यवानांनी जे काही थोडंफार ठाऊक होतं ते वर्षानुवर्षांच्या अनुभवासारखं सांगितलं. हा दांडा लावून मागे दुसरी गाडी बांधली तर ती ओढली जाईल, यावर दोघांचं एकमत झालं. हे बायकांच्या कानावर जाता कामा नये, यावर तर लगेचच झालं.

जीप धुरींच्या दारात पोचली तेव्हा सुगंधा तिथे पोचून बराच वेळ झाला होता. तिचा चहा निम्मा संपला होता आणि जानकीबाईंच्या ओटीत नारळ पडला होता. परशुराम खाली उतरले, शर्ट नीट केला आणि घरच्या कर्त्याच्या आवाजात म्हणाले, की आपण परबांशी सविस्तर बोललो, आपल्याला पटलं, तेव्हा आता साखरपुड्याचं बघायला हरकत नाही.

"नाताळाच्या सुट्टीत ओमकार येतलो, तेवाच करतलव," जानकीबाई म्हणाल्या. "आमचा ठरला. अपेक्षाक फोनसुदा केलव."

परशुरामांनी मान डोलावली, जणू तारीख त्यांनीच काढली होती. चहा झाल्यावर त्यांनी सत्यवानांना डोळ्यांनी खूण केली. "आमी वायच खाली जावन येतव," ते म्हणाले. "परबांच्या बिरेकाचा काय ता बघूक व्हया."

जानकीबाई आत गेल्या आणि होडी बांधायचा असतो तसला एक जाडजूड दोर घेऊन बाहेर आल्या. घरातलं भात भरडायला गिरणीवर दर आठवड्याला कोण जातं, हे परशुरामांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"हो न्हेवा," त्या म्हणाल्या. "गाडी बांधूक लागतलो."

परशुरामांनी सत्यवानांकडे पाहिलं. सत्यवानांनी सुगंधाकडे पाहिलं, तर ती उरलेल्या चहावर फुंकर घालत होती. मग दोन्ही व्याह्यांनी दोराचं एकेक टोक धरलं आणि मुकाट्याने जीपकडे निघाले.