शिटी काढून चाळीस मिनिटं

नृसिंहराव पारखी यांनी गोजरबाईंचा डबा परत करायचं ठरवलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

डबा साधाच, स्टीलचा, झाकणावर 'गोजरबाई' असं नाव कोरलेलं. चार महिन्यांपूर्वी समोरच्या फ्लॅटमधल्या गोजरबाईंनी त्यातून धपाटे पाठवले होते. धपाटे त्याच दिवशी संपले. (खरं तर त्याच तासात. पण साठीनंतर माणसानं खाण्याचे हिशेब तासांत सांगू नयेत.) डबा मात्र तेव्हापासून घासून-पुसून ओट्यावर बसला होता, कारण तो रिकामा परत द्यायचा नसतो. नीलांबरीबाईंचा तसा नियमच होता. दुसऱ्याचं भांडं घरात आलं की जाताना त्यात काहीतरी गेलंच पाहिजे, मग ते चार शेंगदाण्याचे लाडू असोत नाहीतर लिंबाचं लोणचं.

नीलांबरीबाई जाऊन आठ महिने झाले होते. त्या असताना या घरातून इतकी पातेली, वाट्या आणि डबे ये-जा करत, की तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून असलेल्या नृसिंहरावांनाही तेवढ्या नोंदी झेपल्या नसत्या. त्या गेल्या आणि दारावरची बेल बंद पडली. म्हणजे बेल चालू होती. नृसिंहराव मधूनमधून बाहेर येऊन स्वतःच वाजवून बघत. धपाट्यांचा तो एक दिवस सोडला तर वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं, एवढंच. घर केडगावात, अगदी पुणे रस्त्याला लागून. पुण्याहून येणाऱ्या गाड्या दिवसभर खिडकीखालून जात. मुलगा अनिमेष पुण्यातच होता, पण त्याची गाडी त्यात नसे.

चमचाभर साखर घालून डबा देता आला असता. पण साखरेचा डबा लोक दारातच घेतात. "झालं का जेवण?" "झालं." की लागलं दार. नृसिंहरावांना डबा परत करण्याची एवढी घाई नव्हतीच. त्यांना कुणीतरी घरात येऊन तासभर बसायला हवं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कुणी असतं, तर मुळात हवंच कशाला होतं?

म्हणून बेत असा ठरला, की घरात केक असावा. केक आहे म्हटल्यावर माणसाला आत बोलावता येतं, खुर्ची पुढे करता येते, "अजून एक तुकडा" म्हणून अर्धा तास वाढवता येतो. आधी ते बेकरीत गेले.

"नाव काय टाकू?" काउंटरवरच्या बाईनं विचारलं.

"नृसिंह पारखी. पण नाव कशाला?"

"केकवर. नातू का?"

"नाही, मी."

"अय्या, हॅपी बर्थडे आजोबा!"

"माझा वाढदिवस नाहीये."

"मग कुणाचाय?"

"कुणाचाच नाही."

बाई क्रीमची पिशवी हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. मागे रांग लागली होती. काही कारण नसताना एकटा माणूस केक खातो हे रांगेसमोर कबूल करण्यापेक्षा नृसिंहरावांनी "विचार करून सांगतो" म्हटलं आणि दुकान सोडलं. (त्या केकची किंमतही पाटीवर दिसली होती. पण मुख्य कारण स्वाभिमान, असं ते स्वतःला रस्ताभर सांगत आले.)

घरी येऊन त्यांनी नीलांबरीबाईंची वही काढली. त्यात पान होतं: 'स्वस्तातला केक – बिनअंड्याचा.' बाईंनी वही स्वतःसाठी लिहिलेली, त्यामुळे एकेक ओळ तार केल्यासारखी. 'ग्लुकोज बिस्किटं, साखर थोडी, दूध लागेल तसं. सोडा शेवटी. डब्याला तूप. कुकरात जाड मीठ, पाणी नाही. शिटी काढून ४० मि. मंद.' खाली वेगळ्या शाईत: 'ह्यांना आवडला. बोलले नाहीत, पण तीन तुकडे खाल्ले.'

ती ओळ नृसिंहरावांनी चारदा वाचली. बोलायला काय झालं होतं आपल्याला, असं त्यांना वाटलं. मग ते डोळे पुसून बिस्किटं आणायला गेले.

बिस्किटं, साखर, दूध आणि सोड्याची पुडी. बेकरीतल्या केकवरच्या नुसत्या चेरीच्या पैशांत सगळं सामान आलं. बिस्किटांचा चुरा लाटण्यानं केला. त्यातला निम्मा फरशीवर गेला आणि मुंग्यांच्या दोन पिढ्यांची सोय झाली. 'दूध लागेल तसं' म्हणजे किती, हे कळेना. कचेरीत असा मोघम शेरा कुणी मारला असता तर त्यांनी कागद परत पाठवला असता. शेवटी त्यांनी 'योग्य वाटेल तेवढं' दूध ओतलं, घरातल्या दुसऱ्या एका डब्याला तूप लावून त्यात ते मिश्रण घातलं, कुकरात जाड मीठ पसरलं, डबा आत ठेवला आणि शेवटच्या ओळीपाशी आले. शिटी काढून चाळीस मिनिटं मंद.

ही एकच ओळ त्यांना अगदी स्वच्छ समजली. कारण संसारात स्वयंपाकघरातलं एकच काम त्यांच्याकडे होतं. बाई अंघोळीला जाताना ओरडायच्या, "अहो, तीन शिट्या काढा आणि गॅस बंद करा!" नृसिंहराव पेपर वाचत शिट्या मोजायचे. छत्तीस वर्षांत एकदाही मोजणी चुकली नव्हती. तेव्हा एक शिटी काढायची, मग गॅस मंद करून चाळीस मिनिटं. त्यांनी झाकण घट्ट लावलं, शिटी नीट बसवली, गॅस मोठा केला आणि स्टूल ओढून कुकरसमोर बसले.

शिटी होईना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. कुकर नुसता बसून होता. आठ महिन्यांत या घरात नृसिंहरावांनी कशाचीही वाट पाहिली नव्हती, कारण काही येणारच नव्हतं. आता निदान शिटी येणार होती. ते जरा उत्साहातच होते. "होईल, होईल, सावकाश," असंही ते कुकरला म्हणाले. एकदा कुकर 'फुस्स' झाला. ही शिटी धरायची का? त्यांनी विचार केला आणि नियमात बसत नाही म्हणून धरली नाही.

अर्ध्या तासानं अनिमेषला फोन लावला.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. अर्जंट आहे का? मेसेज टाका ना."

त्यांनी टाकला: 'शिटी येत नाही.' पलीकडून लगेच उत्तरादाखल एक पिवळा अंगठा आला. अंगठा वर होता, म्हणजे सगळं ठीक चाललंय, असा अर्थ त्यांनी काढला आणि गॅस मोठाच ठेवला.

पाऊण तासानं वास यायला लागला. केक होताना कसा वास येतो हे त्यांना माहीत नव्हतं. बाई केक करायच्या तेव्हा ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असायचे. हा वास सायकलची ट्यूब जाळल्यासारखा होता. खमंगच म्हणायचा, जरा वेगळ्या प्रकारचा. मग खोलीत धूर दिसायला लागला आणि त्याच क्षणी, धपाटे आल्यापासून पहिल्यांदाच, दुसऱ्या कुणाच्या हातून बेल वाजली. नुसती वाजली नाही, तिच्याबरोबर दारावर थापाही पडत होत्या.

नृसिंहरावांनी आधी केसांवरून हात फिरवला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि मग दार उघडलं.

"या, या गोजरबाई! बसा. मी बोलावणारच होतो तुम्हाला."

"आवं बसा काय बसा! काय जाळताय काका? जिना धुरानं भरलाय सगळा!" गोजरबाई मूळच्या पाथर्डीकडच्या, त्या थेट आत घुसल्या, गॅस बंद केला, पदर नाकाला लावला आणि फडक्यानं कुकर उचलून गॅलरीत नेऊन आपटला. मग झाकणाकडे बघून म्हणाल्या, "शिटी काढली न्हाई व्हय तुमी?"

"तेच तर! तासभर बसलोय, निघतच नाही!"

"निघत न्हाई? ही काय, वर तर हाय!"

"वर आहे, पण वाजत नाही ना!"

"वाजंल कशी? आत पानी हाय का?"

"पाणी नाही असं लिहिलंय."

"मंग काढायची की!"

"अहो, किती वेळ काढतोय!"

गोजरबाईंनी कपाळावर हात मारला. "अरं देवा! काढायची म्हंजी उपटायची वो, काका! उचलायची आन् बाजूला ठिवायची! केकाला शिटी लावत्यात का कुनी?"

नृसिंहरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "मग 'काढून ठेवून' असं लिहायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले. बाईंचा मसुदा त्यांनी हयातभर कधी तपासला नव्हता.

तोवर अख्खी बिल्डिंग दारात जमली होती. सोसायटीचे सेक्रेटरी रंगनाथ वाळूची बादली घेऊन आले, गोजरबाईंची सून दिपाली आली, वरच्या मजल्यावरची दोन घरं आली. कुकर निवल्यावर झाकण उघडलं, तेव्हा रबर वितळून कडेला चिकटलं होतं आणि आतला केक काळाकुट्ट. गोजरबाईंनी तो डबा उलटा करून फरशीवर ठोकला. केक 'ठण्' करून पडला आणि फरशीचा टवका उडाला.

"वरवंटा झाला की वो," गोजरबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. नृसिंहरावही हसले. आपल्याला हसता येतं हे त्यांना अलीकडे आठवत नव्हतं.

"चहा घेणार?" त्यांनी विचारलं. धुरात बसून खोकणारी नऊ माणसं भिडेखातर 'हो' म्हणाली. दिपालीनं चहा केला. घरातले कप पुरले नाहीत, दोघांना वाटीत दिला. आणि मग नृसिंहराव बोलायला लागले. केकपासून निघाले ते नीलांबरीबाईंवर आले, तिथून कचेरीवर, आणि तिथून चौऱ्याण्णव साली हरवलेल्या एका फायलीवर. ती फाईल आवकमध्ये होती, पण जावकमध्ये नव्हती. आठ महिन्यांचं साठलेलं बोलणं. बांध फुटल्यावर पाणी काय शेत बघून थांबतं? रंगनाथ दोनदा उठायला गेले, दोन्ही वेळा नृसिंहरावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. सव्वादोन तासांनी फाईल सापडली तेव्हा वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ टेकल्या टेकल्या झोपले होते.

जाताना गोजरबाईंची नजर ओट्यावर गेली. "अगं बया, ह्यो माजा डबा! लई दिस हुडकतेय मी." त्यांनी तो काखेत मारला.

"रिकामा नका हो नेऊ," नृसिंहराव कळवळून म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. तुमी आता काय बी करू नका काका, हात जोडते," असं म्हणत त्या गेल्या. पाठोपाठ सगळे गेले. घर पुन्हा रिकामं झालं, पण नऊ कप-वाट्या विसळायच्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून, फार सावकाश विसळल्या. त्या रात्री त्यांना छान झोप लागली. केक फसला, पण माणसं आली होती, बसली होती. ती आता पुन्हा येतील, अशी त्यांची खात्री झाली.

आणि नवल म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरोबर सहाला बेल वाजली. नृसिंहराव इस्त्रीचा सदरा घालून तयारच होते, चहाचं आधणही मोजून ठेवलेलं. दारात रंगनाथ होते, हातात वही घेऊन.

"काका, काल रात्री सोसायटीची मीटिंग झाली. सगळ्यांना तुमची काळजी वाटते. आता रोज सहाला आळीपाळीनं एकेक जण तुमच्याकडे येणार."

"रोज?"

"रोज."

नृसिंहरावांना गहिवरून आलं. "बसा, बसा ना," ते म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे केली. पण रंगनाथ सरळ स्वयंपाकघरात गेले, गॅसचं बटण हातानं चाचपलं, रेग्युलेटर बघितला, "बंद आहे," म्हणाले आणि टेबलावर वही टेकवून खूण करायला लागले.

तीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला समोरच्याचा कागद उलटा वाचता येतो. नृसिंहरावांनी वाचला. टाकी – पातळी बघणे. मोटार – बंद करणे. जिन्यातला दिवा – लावणे. पारखी – गॅस बघणे. आणि पारखींच्या पुढे कंसात, लाल शाईत: 'आत बसु नये.'

रंगनाथांनी घाईनं वही मिटली. पण नृसिंहरावांनी हात पुढे करून ती मागून घेतली, चष्मा लावला, खिशातलं पेन काढलं.

"'बसु' नाही हो, 'बसू'. उकार दुसरा," असं म्हणून त्यांनी ते नीट दुरुस्त केलं, खाली बारीक सही केली आणि तारीख घातली. यात चांगली दोन मिनिटं गेली. रंगनाथ तेवढा वेळ उभेच होते.