सहलीची रंगीत तालीम

सहलीला निघायच्या दिवशी सकाळी एक तालीम घेऊन टाकावी, असं सेफ्टीसाहेबांच्या मनात आलं आणि तिथेच माशी शिंकली.

सेफ्टीसाहेब म्हणजे रंगाच्या कारखान्यातले सुरक्षा अधिकारी. (खरं नाव आईवडिलांनी हौसेनं ठेवलं होतं, ते आता फक्त पगाराच्या कागदावर उरलंय.) आग लागली तर कुणी कुठल्या जिन्यानं पळायचं, हे ठरवणं त्यांचं काम. आग बिचारी कधी लागली नाही, त्यामुळे तालमी मात्र उदंड. त्यात साहेबांचा एक नियम पक्का होता. तालीम आहे हे आधी कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की माणसं नाटकं करतात.

समुद्रकाठच्या त्या मोठ्या शहरात आठवडाभर फिरून यायचं, हा बायकोचा लग्नापासूनचा हट्ट. तिनं समुद्र पाहिलाच नव्हता. दोनदा बेत ठरला, दोनदा साहेबांनी मोडला. एकदा कुठल्याशा वादळाची बातमी वाचून आणि एकदा हॉटेलच्या फोटोत मागचा जिना दिसला नाही म्हणून. या खेपेला तिकिटं तिनंच काढली आणि तोंडावर सांगितलं, "दुपारची गाडी चुकली, तर पुढच्या गाडीनं मी आणि लेक जाऊ. परत तुमच्याबरोबर कुठे जायचं नाव काढणार नाही. बसा इथे जिने मोजत."

साहेब चांगलेच टरकले आणि कंबर कसून कामाला लागले. आधी वेळापत्रक आखलं: पहिल्या दिवशी दीपगृह, मग संग्रहालय, बंदरातून लाँचची फेरी, मत्स्यालय, किल्ला. प्रत्येक जागेपुढे तिथून तातडीनं बाहेर कसं पडायचं, तेही लिहिलेलं.

"बाबा, आणि समुद्र कधी बघायचा?" लेकीनं विचारलं.

"तो काय, येता-जाता दिसेलच!"

मग घराचा बंदोबस्त. दाराला बाहेरून नवा कडीकोयंडा साहेबांनी स्वतः बसवला. (सुतार बोलावला की तो घर बघून ठेवतो.) त्याला नारळाएवढं कुलूप आणलं. प्रवासात किल्ली हरवते, म्हणून ती समोरच्या काकूंच्या हवाली केली.

"आम्ही जिना उतरलो की लगेच कुलूप ठोका. आणि काकू, मागाहून कुणीही फोन केला, अगदी माझ्या आवाजात केला, तरी किल्ली द्यायची नाही. हल्ली चोर आवाजसुद्धा हुबेहूब काढतात."

काकूंनी गंभीरपणे मान डोलावली. इतकी मोठी कामगिरी त्यांच्यावर आजवर कुणी सोपवलीच नव्हती.

तर त्या सकाळी बायको आंघोळीला निघाली होती, तेवढ्यात साहेबांनी टाळी वाजवली. "चला! दारातून टॅक्सी स्टँडपर्यंत किती वेळ लागतो, बघून येऊ."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"डोकं ठिकाणावर आहे म्हणूनच!"

तालमीत खऱ्या सामानाला हात लावायचा नसतो. म्हणून रिकाम्या बॅगांत रद्दी कोंबून तिघं निघाली. साहेबांच्या अंगात लेंगा, बायकोच्या पायात घरातल्या सपाता, तिकिटं टेबलावर. स्टँडवर पोचल्यावर साहेबांनी घड्याळ बघितलं आणि खूश झाले. "उत्तम! आता परत फिरा."

परत येऊन बघतात तर दाराला नारळाएवढं कुलूप.

काकूंच्या दारालाही कुलूप. त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला भाचीकडे जायचं होतं, या तिघांच्या निघण्यासाठीच त्या खोळंबल्या होत्या. त्यांना तालीम आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. साहेबांनी घाईघाईनं फोन लावला.

"काकू, मी बोलतोय!"

"मी कोण?"

"अहो, समोरचा! दारात उभे आहोत आम्ही. किल्ली घेऊन या लवकर."

"वा रे वा! ती माणसं तर गेली. माझ्या डोळ्यांदेखत गेली, बॅगा घेऊन."

"ती तालीम होती, काकू!"

"कसली तालीम? घर धुऊन न्यायची?"

"काकू, माझं चुकलं. तुम्हाला सांगायला हवं होतं. हात जोडतो, सगळी चूक माझी!"

"मेल्या, आवाज मात्र छान काढलायस हं."

बायकोनं फोन हिसकावला. "काकू, अहो मी!"

"अगं बाई! टोळीत बायकापण आहेत!"

फोन बंद झाला तो परत लागेचना.

घड्याळ काही थांबत नव्हतं. साहेबांनी कुलपाला खिळा लावून बघितला, दगड घालून बघितला. कुलूप ढिम्म. कपाळावर घाम, हाताला खरचटलेलं. शेवटी ते जिन्यावर टेकले आणि हळूच म्हणाले, "काकू संध्याकाळपर्यंत येतीलच. गाडी काय, उद्याही असते."

बायकोचे डोळे भरून आले. "मला मेलीला समुद्र कधी दिसूच नये असं वाटतं का हो तुम्हाला?" असं म्हणून तिनं रागारागानं कुलूप धरलं आणि असा हिसका मारला, की कोयंडा स्क्रूंसकट तिच्या हातात आला. कुलूप शाबूत होतं. बसवणाराच कच्चा होता.

मग एकच धावपळ उडाली. खऱ्या बॅगा, तिकिटं, चपला बाहेर आल्या. साहेब मात्र दारातच घुटमळले.

"घर असं उघडं टाकून यायचं?"

"राहायचं तर राहा. आम्ही निघालो," बायको म्हणाली आणि लेकीचा हात धरून जिना उतरू लागली. ती मागे वळूनही बघेना, तेव्हा साहेब भानावर आले. कपडे वाळत घालायच्या दोरीनं त्यांनी दार कसंबसं बांधलं आणि लेंग्यावरच धूम ठोकली.

स्टेशनात शिरले तेव्हा गाडी हलली होती. मायलेकी डब्यात, साहेब फलाटावर. ('धावत्या वाहनात चढू नका' ही कारखान्यातली पाटी साहेबांनीच लिहिलेली.) लेकीनं हात दिला आणि साहेब कसेबसे आत येऊन पडले.

बऱ्याच वेळानं बायको खिडकीबाहेर बघत जराशी हसली. साहेबांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात फोन वाजला. काकूंचा आवाज मुळातच खणखणीत, त्यामुळे अख्ख्या डब्याला ऐकू गेला.

"साहेब, निर्धास्त जा हो! सकाळी चोराचा फोन आला होता. आवाज अगदी तुमचाच. पण मी बरी फसेन!"

"कसं... कसं ओळखलंत?"

"अहो, तो म्हणाला, 'माझं चुकलं, सगळी चूक माझी!' इतकी वर्षं शेजारी राहतेय मी. तुम्ही जन्मात कधी असं म्हणाल का?"

डब्यात कुणीतरी खुदकन हसलं. बायको साहेबांकडे वळली. "सांगा ना त्यांना, तो फोन कुणाचा होता ते."

साहेबांनी घसा खाकरला.

"शाबास, काकू," ते म्हणाले. "अगदी बरोबर ओळखलंत."