अत्तारसाहेबांची तिसरी ओळ

अत्तारसाहेबांना 'आज शनिवार' असं म्हटलं तरी ते विचारायचे, "कशावरून?" काल शुक्रवार होता म्हणून, असं सांगितलं की, "आणि तो कशावरून?" आमच्या पिंपरीच्या कंपनीतला कँटीनवाला तर चहा ठेवतानाच म्हणायचा, "साखर घातलीय साहेब, माझ्या या हातांनी!"

ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, मी पंच ऑपरेटर. म्हणजे ते लिहिणार आणि मी ते कार्डांवर भोकं पाडून मशीनला भरवणार. शनिवारी दुपारी सुट्या भागांच्या याद्या छापून झाल्या की मशीन तासभर मोकळं असे. त्या तासात साहेब त्याला भूमिती शिकवायचे. मशीनने सिद्धता ओळीओळीने तपासायची, आधीच्या ओळींवरून पुढची निघत नसेल तर नामंजूर करायची, असा प्रोग्राम त्यांनी स्वतः रचला होता. "साहेब, हे मशीन अगदी तुमच्यावर गेलंय," मी म्हणायचे. त्यांना ते कौतुकच वाटायचं.

सिद्धता मात्र एकच. त्यांच्या थोरल्या भावाची, मेहबूबभाईंची. मेहबूबभाई एकदा नापास झाल्यामुळे दोघे भाऊ एकाच वर्गात. समद्विभुज त्रिकोणाच्या पायाचे कोन सारखे असतात, हे मेहबूबभाईंनी पुस्तकातलं काही न घेता सिद्ध केलं. त्रिकोण उलटा करून त्याच्याच जागी बसवला. चपखल बसला, म्हणजे कोन सारखे! बापाच्या गॅरेजात गॅस्केट उलटसुलट लावून बघणाऱ्याला हेच सुचणार. मास्तरांनी तिसऱ्या ओळीपाशी लाल शाईने 'कशावरून?' लिहिलं, शून्य दिलं आणि वही वर्गात वाचून दाखवली. वर्ग पोट धरधरून हसला. मेहबूबभाई पुन्हा शाळेत गेले नाहीत.

आणि मशीन? मेलं तेही तिसऱ्याच ओळीवर अडलं! पाच शनिवार नुसतं नामंजूर, नामंजूर. साहेबांचा डबा अर्धा परत जायला लागला. "बाई, मास्तरांचंच बरोबर असलं तर?" ते एकदा हळूच म्हणाले.

"मुळीच नाही!" मी चिडून म्हटलं.

"कशावरून?"

घ्या! पण सहाव्या शनिवारी कार्ड पंच करता करता मीच थांबले. "साहेब, या तिसऱ्या ओळीत इथे कोन बअक लिहिलाय, त्रिकोण उलटल्यावर तिथे कोन कअब. एकच ना हा?"

"अर्थात!"

"मग हे मशीनला सांगितलंय का कुणी?"

साहेबांनी कपाळावर हात मारला. अख्ख्या जगाला उलटतपासणीला उभं करणारा माणूस हे एवढं धरून चालला होता! एक कार्ड वाढवलं. मशीन खडखडलं आणि कागदावर उमटलं, सिद्ध. मी मॅट्रिक पास बाई, पण ती चूक मी पकडली. आजही छाती फुगवून सांगते.

"साक्षीदार लागतो," म्हणून साहेब मला तळेगावला गॅरेजात घेऊन गेले. मेहबूबभाईंनी ग्रीसचे हात पुसले आणि कागद धरला.

"एक ओळ ह्या बाईंची. बाकी सगळं तुझं, भाई. बरोबर होतं."

"मला ठावंच व्हतं," मेहबूबभाई म्हणाले. पण कागद काही खाली ठेवेनात.

साहेब बुटांकडे बघत होते. "भाई, त्या दिवशी वर्गात मीही हसलो होतो."

"ठाव हाय. समद्यांत मोठ्यानं." मेहबूबभाईंनी कागदाची जपून घडी घातली. "पर माझ्या मनात काय न्हाई रं."

मी साहेबांकडे बघत राहिले. त्यांनी 'कशावरून' विचारलं नाही.