बामाकाकांचा क्लच

बामाकाका कोणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या बिजागरीला तेल घालतात, मग आत पाऊल टाकतात. शर्टाच्या खिशात लांब चोचीची कुपी कायम भरलेली. तळवलीतल्या आमच्या आळीत एकही दार करकरत नाही. त्यामुळे कोण कधी घरात शिरलं ते कळत नाही, आणि यावरून दोन घरांत भांडणंही झाली. एका बारशाला त्यांनी पाळण्याच्या कड्यांना इतकं तेल पाजलं की ते बाळाच्या कपाळावर ठिबकलं. आत्याबाई ओरडल्या, तर काका शांतपणे म्हणाले, "हलतं त्याला तेल पायजे. नायतर एक दिस जाम व्हतं."

हे वाक्य कारखान्यातलं. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची त्यांची भातशेती कारखान्यासाठी गेली आणि बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली. काका ऑइलमन झाले. ज्या जमिनीत बाप भात लावायचा, तिच्यावरच हा माणूस तीस वर्षं बेअरिंगना तेल देत फिरला. मग एका सकाळी मालकाने गेटला कुलूप लावलं. याला विकास म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. भंगारवाले मशीन कापायला आले, तेव्हा काका आत घुसून त्याला शेवटचं तेल घालून आले. ही गोष्ट सांगताना लोक हसतात. मला हसता येत नाही.

आता त्यांच्याकडे एकच मशीन उरलंय. जुन्या सायकलला बसवलेलं छोटं टू-स्ट्रोक इंजिन. हिला सायकल म्हणायचं की गाडी, हे ट्रॅफिक हवालदारालाही अजून ठरवता आलेलं नाही. तिच्यावरून ते रोज पेजेचा डबा घेऊन वाशीच्या हॉस्पिटलात जातात. तिथे त्यांची बायको, सुंदरकाकी, अर्धांगाने पडून आहे. बोलणं गेलंय. अख्ख्या वॉर्डाला एक आया, तीही कंत्राटावरची. एकेकीला भरवत बसायला तिला वेळ कुठला? आणि काकी खातात फक्त काकांच्या हातून. मी एकदा चमचा पुढे केला, तर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

भेटीची वेळ चार ते पाच. आणि नेमका क्लच स्लिप व्हायला लागला. उड्डाणपुलाच्या चढावर इंजिन बोंबलायचं, धूर ओकायचं, सायकल मात्र जागची हलायची नाही. काका ती ढकलत नेणार, पोचेपर्यंत पाच वाजून जाणार, गेटवरचा माणूस आत सोडणार नाही. तीन दिवस पेज तशीच परत आली. तिसऱ्या दिवशी सिस्टरने गेटवर निरोप ठेवला : उद्या खाल्लं नाही तर नाकातून नळी घालू.

"काका, रिक्षाने जा ना!"

"गेलतो. चाक रडत व्हतं त्याचा. मी उतरून तेल घालतंय, तवर पलाला तो मना टाकून."

चौथ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या ओट्यावर गेले, तर इंजिनाचं झाकण उघडं आणि काका क्लचवर कुपी रिकामी करत होते. रोज घालत होते म्हणे. दुखणं वाढलं तसं औषध वाढवलं.

आमच्या घरात पाठ्यपुस्तकांआधी मोर्च्यांची पत्रकं वाचली गेली, त्यामुळे छापील कागद दिसला की मी शेवटच्या ओळीपर्यंत जाते. इंजिनाच्या खोक्यात घडी घातलेलं माहितीपत्रक होतं. त्यात क्लचचं चित्र, वर तेलाचा थेंब आणि थेंबावर मोठी फुली.

"काका, याला तेल चालत नाही. या गुटक्या ब्रेकच्या रबरासारख्या, कोरड्या असल्या तरच चाकाला धरून ठेवतात. तेलाने घसरतात."

"कागूद शिकवनार मना? तीस वर्सं ऑइलमन हाय मी!"

"मग तीन दिवस का पोचला नाहीत?"

बोलून गेले आणि वाटलं, नको होतं. काकांनी कागद ओढून घेतला आणि फुलीवर बोट टेकवलं. मग उठून पेट्रोलची बाटली घेऊन आले.

नट सोडून त्यांनी वरची प्लेट काढली. गुटक्या तेलाने निथळत होत्या. एकेक पेट्रोलने धुतली, कोरडी केली, पॉलिश पेपरवर घासली. परत बसवण्याआधी दोनदा साबणाने हात धुतले. तेलाला घाबरलेले काका मी पहिल्यांदाच बघत होते. नट आवळला, केबल थोडी सैल ठेवली. घड्याळात साडेतीन. डबा हँडलला अडकवून ते निघाले.

मी मागून बसने गेले. वॉर्डात पोचले तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. काका खाटेशी वाकून उभे, हातात पेजेचा चमचा. काकींचे ओठ मिटलेले.

जन्मात कोणापुढे चूक कबूल न केलेला तो माणूस हळू आवाजात सांगत होता, "मीच तेल ओतलं गो. माजीच चुकी. उपाशी ठेवलं तुला."

काकी भिंतीकडे बघत होत्या.

सिस्टर ट्रेमध्ये नळी घेऊन आल्या. काकांनी चमचा तसाच धरून दुसऱ्या हाताने त्यांना थोपवलं.

"जरा थांबा ओ बाय. तीन दिस आलो नाय ना, रुसली हाय."

सिस्टरने घड्याळ बघितलं. मग ट्रे खिडकीत ठेवला आणि पायाने स्टूल काकांकडे सरकवलं.