सरावाचं दूध

नवीन सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडायचं असलं, की आमचे थोरातकाका खुर्चीवर टेकण्याआधी मॉनिटरवर बोटाने टकटक करतात आणि विचारतात, "येऊ का?" प्रोग्रामने आल्या आल्या नाव, मोबाईल नंबर, पासवर्ड मागितला, की काका शांतपणे म्हणतात, "बरं, निघतो," आणि कॉम्प्युटर बंद करून चहाला जातात. प्रोग्राम लिहिणारं माणूस तेव्हा शेजारीच उभं असतं. बहुतेकदा ते माणूस म्हणजे मी.

नगरला सावेडीत आमचं छोटंसं ऑफिस आहे. गावोगावच्या दूध संस्थांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. कुणी किती लिटर घातलं, फॅट किती लागलं, एवढंच. सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडल्यावर माणसाला काय दिसावं, हे ठरवायचं काम काकांचं. साहेबांच्या मते ते अर्ध्या तासाचं काम आहे. काका त्यावर महिनोन्महिने बसतात.

"पाहुणा दारात उभा आहे आणि तुम्ही त्याचं आधार कार्ड तपासताय," हे त्यांचं पेटंट वाक्य. एकदा त्यांनी मला ऑफिसबाहेर काढून दार लावून घेतलं. मी बेल वाजवली, तर आतून आवाज आला, "भाषा निवडा."

"मराठी," मी म्हणाले.

"अटी मान्य आहेत का?"

तेवढ्यात कुरिअरवाला जिना चढून आला. त्याने मुकाट्याने पाकीट माझ्या हातात दिलं आणि आला तसा उतरून गेला.

आमच्या प्रोग्राममध्ये आकडा चुकला की 'अवैध नोंद' असं लाल अक्षरांत यायचं. काका म्हणाले, "अवैध दारू असते. आकडा चुकला म्हणून माणूस अवैध होतो का?" शब्द गेला, लाल रंगही गेला.

मध्यंतरी देवळाली प्रवराजवळच्या एका दूध संस्थेत नवं सॉफ्टवेअर बसवायला आम्ही दोघं गेलो. तिथल्या नव्या सेक्रेटरी चंद्रकलाबाईंनी कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता. चेअरमन त्यांच्यासमोरच म्हणाले, "आज संध्याकाळचं संकलन जमलं तर ठीक. न्हाई तर उद्यापासून दुसरा मानूस बघतो." बाई पदर सारखा करून खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या.

मी शेजारी खुर्ची ओढली. काकांनी खुणेनेच मला बाहेर बोलावलं. "आपण शेजारी बसलो तर त्या आपल्याला विचारतील. पडद्याकडे बघणारच नाहीत."

बाहेर कॅन रचून ठेवले होते, तिथे आम्ही थांबलो. काका खिडकीकडे पाठ करून एका कॅनचं झाकण नखाने खरवडत राहिले. आत बाई पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होत्या. "नमस्कार. आज पहिला दिवस आहे, सावकाश होऊ द्या. हे सरावाचं दूध आहे. सांडलं तरी चालेल."

मग वाचणं थांबलं. मला वाटलं, उठून गेल्या बहुतेक. तेवढ्यात टक, टक असा आवाज आला आणि बाई हसल्या.

"ओ ताई, येका म्हशीनं चारशे लिटर दिलं."

"मग काय म्हणतंय ते?" काकांनी वळून न बघताच विचारलं.

"म्हनतंय, म्हैस लई चांगली हाय, पन आकडा येकदा बघून घ्या."

संध्याकाळी मोटारसायकलींना कॅन लटकवून माणसं आली, रांग लागली. बाईंचा हात पहिल्या दोघा-तिघांना अडखळला, मग बसला. चेअरमन पाठीमागे हाताची घडी घालून उभे होते. रांग अर्धी झाल्यावर त्यांनी घडी सोडली आणि आमच्यासाठी चहा सांगितला. मी दुपारपासून प्रथमच खाली बसले.

परतताना ऑफिसची गाडी काका चालवत होते. मी त्यांना विचारलं, "ही वाक्यं तुम्हाला सुचतात कुठून?"

"मला नाही सुचत. घरी हिला वाचून दाखवतो. जिथे ती गप्प होते, ते खोडतो." थोडं अंतर गेल्यावर स्वतःच पुढे बोलले. "ही पतसंस्थेत होती. कॉम्प्युटर आले, तेव्हा पहिल्याच दिवशी हिच्या हातून काहीतरी दाबलं गेलं. सगळ्यांसमोर बोलणी बसली. घरी आली, तर मी म्हणालो, त्यात काय अवघड आहे? ती परत गेलीच नाही. घरातल्या कॉम्प्युटरवरची धूळ रोज पुसते. बटण एकही दाबत नाही."

तेवढ्यात काकूंचाच फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"अहो, जमलं का त्या बाईंना?"

"जमलं. एकट्यांनी केलं सगळं."

"घाबरल्या असतील."

"आधी घाबरल्या. मग हसल्या."

काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "घरी आलात की मलाही दाखवा ते. बघते दाबून."

"हो," काका म्हणाले. फोन बंद झाल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि उतरून माझ्या बाजूला आले. "मनीषा, पुढे तू चालव."

ऑफिसात काकांची स्कूटर उभी होती, साहेब वाट बघत होते. मी सावेडीकडे वळलेच नाही. सरळ केडगावला, त्यांच्या घरी गाडी नेली.